समुद्र नसलेल्यांसाठी समुद्री इंग्रजी

प्रारंभिक सूचना

ही मार्गदर्शिका नवख्यांसाठी आहे. नवखा म्हणजे किती नवखा, हे आधी ठरवलेले बरे. पोहायला शिकताना ज्याच्या नाकातोंडात पाणी गेले आहे तो नवखा नव्हे. त्याची निदान पाण्याशी ओळख झालेली असते. आमचा विद्यार्थी स्लोव्हाकियाचा आहे. त्याच्या देशाला समुद्रकिनारा नाही. पाच शेजाऱ्यांपैकी पोलंड आणि युक्रेन यांच्याकडे समुद्र आहे, पण शेजाऱ्याकडे समुद्र असल्याने आपली भाषा खारी होत नाही.

तेव्हा मराठी वाचकाने घटकाभर आपण ब्रातिस्लाव्हाचे रहिवासी आहोत असे समजावे. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. गाडीच्या डिकीत तंबू, सॉसेजेस आणि सासूबाईंनी दिलेले लोणचे आहे. सगळ्या आळीप्रमाणे आपणही क्रोएशियाला निघालो आहोत. तिथून बेटावर जायचे तर फेरीबोट आली आणि फेरीबोट म्हटली की कर्ण्यातून इंग्रजी आले. ते समजावे म्हणून आपण इंग्रजी-स्लोव्हाक शब्दावली विकत घेतली आहे. पुढील पाठ त्या शब्दावलीला पूरक आहेत.

साहित्य : एक वही, एक पेन्सिल (शाई पाण्याने पसरते), आल्याच्या वड्या.

पाठ पहिला : समुद्राची ओळख

इंग्रजी : सी. स्लोव्हाक : मोरे.

मराठी वाचकाने इथे आपल्या ओळखीच्या मोरे मंडळींना मध्ये आणू नये. स्लोव्हाकमध्ये मोरे म्हणजे समुद्र आणि तो आपल्या समुद्रासारखा पुल्लिंगी नसून नपुंसकलिंगी आहे. 'चिएर्ने मोरे' म्हणजे काळा समुद्र. हा विशेष महत्त्वाचा, कारण डॅन्यूब नदी तिथे जाऊन मिळते. स्लोव्हाकियाच्या वाट्याला या नदीचे १७२ किलोमीटर आले आहेत. डॅन्यूबचे किलोमीटर उगमाकडून नव्हे, समुद्राकडून मोजतात. त्या हिशेबाने ब्रातिस्लाव्हा सुमारे १,८७० व्या किलोमीटरवर आहे. समुद्र दिसत नसला तरी तो किती लांब आहे, हे तिथल्या माणसाला नदीच सांगते.

किनारा नाही म्हणून जहाज नाही, असा निष्कर्ष मात्र विद्यार्थ्याने काढू नये. किनारा नसलेल्या देशांनाही समुद्रावर आपला झेंडा लावण्याचा हक्क आहे, हे १९२१ मध्ये बार्सिलोना येथे मान्य झाले आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात ते पुन्हा लिहिले गेले. स्लोव्हाकियाने २००० साली समुद्री जहाजवाहतुकीचा स्वतःचा कायदाही केला.

शिवाय परंपरा आहेच. आजच्या स्लोव्हाकियातील व्ह्र्बोव्हे या गावी १७४६ साली जन्मलेला मोरित्स बेन्योव्स्की रशियनांच्या कैदेत कामचात्काला पोहोचला. १७७१ मध्ये त्याने तिथले जहाजच पळवले आणि पुढे मादागास्करला जाऊन आपण इथले राजे आहोत असे सांगू लागला. १७८६ मध्ये तिथेच फ्रेंचांच्या गोळीने तो मेला. त्याच्या आठवणींत पदरचे मीठ बरेच आहे, पण जहाज खरे होते. नवख्याने त्याचा आत्मविश्वास घ्यावा, पद्धत घेऊ नये.

आता आनंदाची बातमी. इंग्रज खलाशी दुसऱ्या जहाजाला 'अहॉय' अशी हाळी घालत. चेक आणि स्लोव्हाक माणसे हाच शब्द 'अहोय' असा रोज वापरतात : जिन्यात, लिफ्टमध्ये, दूधवाल्या दुकानात. इतर देशांत तो जुन्या गोष्टींत आणि चाच्यांच्या सिनेमांत उरला. ज्यांना समुद्रच नाही त्यांनी तो जिवंत ठेवला. ग्रॅहॅम बेलला टेलिफोन उचलल्यावर लोकांनी हाच शब्द म्हणावा असे वाटत होते. ते झाले नाही, एडिसनचे 'हॅलो' जिंकले. मराठी कानाला अहोय ही घरातली हाक वाटेल. साम्य आवाजापुरते आहे. ओ मिळण्याची खात्री मात्र दोन्हीकडे सारखीच कमी.

पाठ दुसरा : नामे

शब्द पाठ करताना आधी इंग्रजी, मग स्लोव्हाक, मग टीप असा क्रम ठेवावा. टीप वगळल्यास होणाऱ्या परिणामांस लेखक जबाबदार नाही.

शिप – लोद्य. जहाज. इंग्रज जहाजाला 'ती' म्हणत आले. लंडनच्या 'लॉइड्स लिस्ट' या जहाजधंद्याच्या वृत्तपत्राने २००२ साली 'ते' म्हणायचे ठरवले, तेव्हा म्हाताऱ्या कप्तानांना फार वाईट वाटले. स्लोव्हाक लोद्य स्त्रीलिंगीच आहे. मराठीत नौका ती, मचवा तो आणि गलबत ते, म्हणजे आपण तिन्ही पक्षांना खूश ठेवले आहे.

फेरी – त्रायेक्त. क्रोएशियन भाषेतही हाच शब्द. इतके साम्य पाहून विद्यार्थी हुरळतो आणि पुढच्या पाटीवर 'ब्रोद' वाचून गोंधळतो. क्रोएशियनमध्ये ब्रोद म्हणजे जहाज. स्लोव्हाकमध्ये ब्रोद म्हणजे नदीचा उतार, जिथून पँट गुडघ्यापर्यंत वर करून पलीकडे जाता येते. पाटीवर ब्रोद दिसले म्हणून पँट वर करू नये.

वेव – व्ल्ना. लाट. स्लोव्हाकमध्ये लोकरीलाही व्ल्नाच म्हणतात. 'आज व्ल्ना मोठी आहे' हे वाक्य आजीने म्हटले तर स्वेटर होणार आहे, कप्तानाने म्हटले तर जेवण होणार नाही. उच्चाराबाबत मराठी आणि स्लोव्हाक विद्यार्थी एकाच बाकावर बसतात : इंग्रजीतले दोन 'व' दोघांनाही वेगळे काढता येत नाहीत.

शीट – इथे पेन्सिल खाली ठेवावी आणि नीट लक्ष द्यावे. घरी इंग्रजी शीट म्हणजे पलंगावरची चादर. स्लोव्हाकमध्ये चादरीला 'प्लाख्ता' म्हणतात आणि शिडालाही प्लाख्ताच म्हणतात. म्हणून विद्यार्थी सरळ हिशेब मांडतो : शीट म्हणजे प्लाख्ता, प्लाख्ता म्हणजे शीड, तेव्हा शीट म्हणजे शीड. तर्क निर्दोष आहे, उत्तर चूक आहे. शिडाच्या बोटीवर शीट म्हणजे शीड ताणायची दोरी. कोणी 'शीट ओढ' म्हणाले आणि तुम्ही शिडाला हात घातलात, तर तुम्हाला बाकीचे बरेच इंग्रजी शब्द एकदम ऐकायला मिळतील. ते या शब्दावलीत नाहीत.

हेड – ह्लावा, म्हणजे डोके. जहाजावर मात्र शौचालय. जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशांची ही सोय अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे जहाजाच्या डोक्याशी असे. आजच्या प्रवासी बोटींवर दारावर बाईचे आणि पुरुषाचे चित्र असते. चित्राकडे पाहावे, शब्द विसरावा.

सी डॉग – मोर्स्की व्ल्क. मुरलेला खलाशी. इंग्रजीत हा समुद्री कुत्रा, स्लोव्हाकमध्ये समुद्री लांडगा. ज्यांना समुद्र जवळ आहे त्यांनी त्याला पाळले आणि ज्यांनी फक्त ऐकले त्यांनी त्याला रानात सोडले.

सीसिकनेस – मोर्स्का खोरोबा. हा शब्द पाठ करावा लागत नाही. उपाय : बोटीच्या मध्यावर बसावे, क्षितिजाकडे पाहावे, पुस्तकात डोके घालू नये. 'ली' हा शब्द मात्र जरूर शिकावा. ली म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची बाजू. ज्याला पोटातले बाहेर काढायचे आहे त्याने याच बाजूच्या कठड्याशी जावे. हा शब्द न शिकलेला प्रवासी तो आयुष्यात एकदाच विसरतो.

पाठ तिसरा : डावे आणि उजवे

स्लोव्हाक भाषेने इथे शहाणपणा दाखवला आहे. 'प्रावोबोक' म्हणजे उजवी बाजू, 'ल्यावोबोक' म्हणजे डावी बाजू. विषय संपला.

इंग्रजीत विषय इथे सुरू होतो. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केल्यावर उजवीकडे येते ते स्टारबोर्ड, डावीकडे येते ते पोर्ट. तारे आणि बंदरे यांचा विचार करू नये. पूर्वी सुकाणूचे वल्हे उजव्या बाजूला असे, त्यावरून स्टारबोर्ड आले. डाव्या बाजूचे जुने नाव होते लारबोर्ड. वादळात एकाने स्टारबोर्ड ओरडायचे आणि दुसऱ्याने लारबोर्ड ऐकायचे, असे शतकानुशतके चालले होते. १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून पोर्ट सक्तीचे केले. रंगांची खूण : पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा.

इतके पाठ झाले की पुढची गाठ. जुन्या पद्धतीत सुकाणूचा हुकूम जहाजासाठी नसून सुकाणूच्या दांड्यासाठी असे आणि दांडा उजवीकडे गेला की जहाज डावीकडे वळते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनग दिसल्यावर 'टायटॅनिक'वर हुकूम सुटला तो 'हार्ड अ-स्टारबोर्ड'. जहाज वळले पोर्टकडे. ती चूक नव्हती, नियमाप्रमाणेच होते. ब्रिटिश जहाजांवर हा उलटा व्यवहार १९३३ मध्ये सुलटा झाला.

मुंबईच्या वाचकाला याच पाठात एक गंमत ठाऊक असते : इंग्लंडहून मुंबईला येणारे साहेब येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची गार खोली घेत, त्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून 'पॉश' शब्द झाला. गोष्ट सुबक आहे, पण पुराव्याचे तिकीट आजवर कोणाला सापडलेले नाही. खरी गोष्ट याहून सुरस आहे. त्याच जहाजांवर राबणाऱ्या आपल्याकडच्या खलाशांनी पोर्ट-स्टारबोर्डच्या भानगडीत न पडता 'डावा' आणि 'जमणा' हे शब्द चालवले. जमणा म्हणजे गुजरातीत उजवा. हिंदुस्तानी, पोर्तुगीज, इंग्रजी अशा अनेक भाषांची ही खिचडी साहेबांनाच शिकावी लागली. टॉमस रोबक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८११ मध्ये कलकत्त्यात तिचा कोशच छापला. हुकूम साहेबाचा असला तरी दोर ज्याच्या हातात, त्याची भाषा चालते.

पाठ चौथा : व्याकरण

समुद्रावरचे इंग्रजी बोलणारे बहुतेक लोक इंग्रज नसतात. कप्तान ग्रीक, इंजिनियर पोलिश, खलाशी मनिलाचे, स्वयंपाकी मडगावचा आणि खिडकीमागे पासपोर्ट तपासणारा रत्नागिरीकडचा, असे एकाच जहाजावर असू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये जहाजांवरील संवादासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मंजूर केला. जगातले बहुधा हे एकमेव इंग्रजी, ज्यातून सभ्यता जाणूनबुजून काढून टाकली आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला त्याचे नियम पाहून धक्का बसेल.

नियम १. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' यांस मनाई. 'मी खाडीत शिरू का?' असे लाडात विचारायचे नाही. आधी 'प्रश्न' म्हणायचे आणि मग 'शिरण्यास परवानगी आहे काय?' असे विचारायचे. समोरच्याने 'तुम्ही शिरू शकता' असे म्हटले, तर ती परवानगी आहे की तुमच्या इंजिनाचे कौतुक, हे कळायला मार्ग नसतो.

नियम २. वाक्याआधी वाक्याची जात सांगावी : सूचना, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती, हेतू. हा नियम मराठी घरांत लागू झाला तर निम्मी भांडणे मिटतील. 'भाजीत मीठ कमी आहे' ही माहिती आहे की इशारा, ते आधी कळेल.

नियम ३. नुसते 'हो' म्हणू नये. 'हो' म्हणून पुढे पूर्ण वाक्य म्हणावे.

नियम ४. दिशेचे अंश सुटे सुटे सांगावेत. दीडशे नव्हे, एक, पाच, शून्य.

नियम ५. चुकल्यास 'चूक' म्हणावे, मग 'दुरुस्ती' म्हणावे आणि बरोबर ते सांगावे. स्पष्टीकरण, सबब आणि घरची परिस्थिती सांगू नये.

पाठ पाचवा : संभाषण

शब्दावलीतील नमुना संभाषण असे असते :

प्रवासी : सुप्रभात, महोदय. हे जहाज आहे काय?
कर्मचारी : सुप्रभात. होय, हे जहाज आहे.
प्रवासी : हे जहाज समुद्रावरून जाते काय?
कर्मचारी : होय, ते समुद्रावरून जाते. आज समुद्र शांत आहे.
प्रवासी : माझ्या पत्नीस समुद्र आवडतो. माझी खोली जहाजाच्या कोणत्या बाजूस आहे?
कर्मचारी : आपली खोली स्टारबोर्ड बाजूस आहे. आपणांस सुखद प्रवास लाभो.

हे संभाषण तोंडपाठ करून खिडकीशी गेलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात असे ऐकू येते :

कर्मचारी : कार डेक क्लोज्ड. अप, अप. नेक्स्ट!

विद्यार्थ्याने निराश होऊ नये. पहिल्या संभाषणातील प्रत्येक वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि एकही कामाचे नाही. दुसऱ्यात क्रियापदच नाही, पण त्यात सगळे आले : गाडी लावून झाली, आता तिच्याजवळ थांबायचे नाही, जिना चढून वर जायचे आहे, मागे रांग आहे.

पाठ सहावा : भोंगा

इथून पुढे हसू आवरावे.

'मेडे' हा शब्द तीनदा लागोपाठ ऐकू आला तर जिवावरचे संकट आहे. हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर घडवला गेला आणि फ्रेंचमधल्या 'मला मदत करा' या हाकेसारखा तो ऐकू येतो. प्रवाशाने तो म्हणायचा नसतो, कप्तानाने म्हणायचा असतो. प्रवाशासाठी भोंगा आहे : सात किंवा अधिक छोटे आणि शेवटी एक लांब. याचे कोणत्याच भाषेत भाषांतर करावे लागत नाही आणि हीच त्याची थोरवी.

भोंगा ऐकल्यावर दोन शब्द लागतात. पहिला लाइफजॅकेट, स्लोव्हाकमध्ये 'झाख्रान्ना वेस्ता'. दुसरा मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात सर्वांनी जमायची जागा. मराठी कारकुनाला मस्टर शिकवावे लागत नाही. त्याने त्यावर जन्मभर सही केली आहे. जहाजावरही तेच चालते, हजेरी घेतात. फरक एवढाच की इथे गैरहजर असलेल्याला शोधायला माणूस आगीत पाठवावा लागतो.

७ एप्रिल १९९० च्या पहाटे नॉर्वेहून डेन्मार्कला निघालेल्या 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी बोटीला आग लागली. दीडशेहून अधिक माणसे मेली. कर्मचाऱ्यांपैकी अनेक जण पोर्तुगीज होते, जहाजावर नवीन होते, आणि त्यांना प्रवाशांची भाषा येत नव्हती. कित्येकांना इंग्रजीही येत नव्हते. आगीने आणि धुराने माणसे मारली हे खरे. पण त्या धुरात 'इकडून या' हे प्रवाशांना कळेल अशा भाषेत सांगणारे फार थोडे होते, हेही खरे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्ता काँकॉर्डिया' हे प्रवासी जहाज खडकावर घासून कलंडले आणि ३२ जण गेले. काही तासांपूर्वी चढलेल्या प्रवाशांची कवायत तेव्हा अजून व्हायची होती; नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. त्या वेळी खोलीत बसून शब्द पाठ करणारा प्रवासी हा या मार्गदर्शिकेचा सर्वांत नापास विद्यार्थी होय.

स्वाध्याय

१. कारणे द्या : ब्रातिस्लाव्हा हे बंदर आहे.
२. जोड्या लावा : लोकर, लाट, आजी, कप्तान. (एकाहून अधिक उत्तरे संभवतात.)
३. पुढील वाक्य समुद्री व्याकरणानुसार शुद्ध करा : 'तुम्हाला त्रास होणार नसेल तर, आणि जमलं तर, आपलं जहाज थोडं तिकडे सरकवता का?'
४. निबंध लिहा : मी पाहिलेला समुद्र. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी बेन्योव्स्कीप्रमाणे लिहावा.)
५. प्रात्यक्षिक : लाइफजॅकेट डोळे मिटून घालून दाखवा. या प्रश्नाला निम्मे गुण आहेत. यात नापास झाल्यास बाकीचे गुण धरले जाणार नाहीत.

शेवटचा शब्द

शब्दावली समुद्राचे वर्णन करायला शिकवते. शीड, नांगर, दीपस्तंभ, लाटा : हे शब्द परत आल्यावर शेजाऱ्यांना फोटो दाखवताना उपयोगी पडतात आणि त्यासाठी पुस्तकाची किंमत वसूल होते. बोटीवर मात्र आपण बोलणारे नसतो, ऐकणारे असतो. दुसरा कोणी ओरडेल ते चार-दोन शब्द आपल्याला एका क्षणात समजले पाहिजेत. त्यांत कविता नसते, व्याकरण नसते आणि बहुतेक वेळा क्रियापदही नसते.

म्हणून स्प्लिटच्या त्रायेक्तवर चढणाऱ्या स्लोव्हाक कुटुंबाला आणि गेटवेहून मांडव्याची बोट पकडणाऱ्या मराठी कुटुंबाला आमचा सल्ला एकच. ('सल्ला' हा शब्द आधी म्हटला आहे, नियम २ पाहा.) बोटीत पाय ठेवल्यावर लाइफजॅकेट कुठे ठेवले आहे आणि बाहेर पडायचा रस्ता कोणता, हे आधी पाहून घ्या. दोन्ही सापडल्यावर मग खुशाल पुस्तक उघडा.